लाल प्रकाशाला वेळ लागतो

पत्र

ताई, माझं वय 54. नाशिकला राहते, पतसंस्थेत नोकरी करते. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हे गेले. हार्ट अटॅक, ध्यानीमनी नसताना. पहिलं जवळजवळ वर्षभर मी रडलेच नाही. वारसनोंद, बँका, विम्याची कागदपत्रं, लेकीला धीर देणं, सगळं केलं. लोक म्हणायचे, किती खंबीर आहे. जानेवारीत बीपीची गोळी सुरू झाली, पहाटे तीनला जाग येते, पण रडू नाही. आता वर्षश्राद्ध झालं आणि काय झालं कळत नाही, भाजी निवडतानाही डोळे भरून येतात. उलटी मागे चालले आहे असं वाटतं.

लेक स्टॉकहोमला असते. ती म्हणते, डिसेंबरच्या सुट्टीत ये, आपण स्वीडनच्या उत्तर टोकाला, अबिस्कोला, नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे तिकडच्या रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, बघायला जाऊ. तो प्रकाश बघून माणसं आतून बरी होतात, तुझी नवी सुरुवात होईल. तिनं पाठवलेल्या व्हिडिओंत लोक आकाशाकडे बघून रडतात, एकमेकांना मिठ्या मारतात. इकडे मोठ्या जाऊबाई म्हणतात, वर्ष उलटत नाही तोच हिला फिरायला सुचतंय. मध्यंतरी भिशीत खळखळून हसले आणि घरी येऊन स्वतःचाच राग आला. गेल्या महिन्यात ह्यांचा बंद पडलेला रेडिओ दुरुस्तीला टाकला, बाकी घरात काहीच हलवलेलं नाही.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. जाऊ का? आणि तिथे उभी राहून मला काहीच वाटलं नाही, तर माझ्यात काही बिघडलंय असं समजायचं का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

नमस्कार.

जा. मात्र डिसेंबरमध्ये जाऊ नका आणि बरं होण्यासाठी म्हणून तर मुळीच जाऊ नका. लेकीकडे जा, तिच्याबरोबर चार दिवस राहा, आकाशात काही दिसलं तर बघा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही आत्ताच देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. तिथे उभं राहून तुम्हाला काही वाटलं नाही, तरी तुमच्यात काहीही बिघडलेलं नसेल.

आता जरा सविस्तर बोलते, कारण तुमच्या लेकीनं दिलेली उपमा मला मनापासून आवडली. तिनं ती अर्धीच वापरली आहे, एवढंच. प्रकाश बघून माणूस बरा होतो, असं ती म्हणते. मला वाटतं, तो प्रकाश तयार कसा होतो हे समजून घेतलं, तर तुमच्या गेल्या वर्षाबद्दल बरंच काही कळेल.

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा झोत सतत येत असतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला अडवतं, पण अडवताना स्वतः ताणलं जातं. रात्रीच्या बाजूला त्याची लांबच लांब शेपटी तयार होते. ताण सोसेनासा झाला की तिथल्या चुंबकीय रेषा तुटतात, पुन्हा जोडल्या जातात आणि त्या झटक्यानं इलेक्ट्रॉन पृथ्वीकडे भिरकावले जातात. जमिनीपासून साधारण 100 ते 300 किलोमीटर उंचीवर ते ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात. धक्का बसलेला अणू ती ऊर्जा थोडा वेळ स्वतःजवळ धरून ठेवतो आणि मग प्रकाशाच्या रूपानं सोडून देतो. आपण बघतो तो हा प्रकाश.

खरी गोष्ट पुढेच आहे. हिरवा प्रकाश सोडायला अणूला एक सेकंदसुद्धा लागत नाही. लाल प्रकाश सोडायला मात्र जवळजवळ दोन मिनिटं लागतात. अणूच्या जगात दोन मिनिटं म्हणजे फार मोठा काळ. तेवढ्या वेळात शेजारचा एखादा रेणू येऊन आदळला, तर धरून ठेवलेली ऊर्जा त्या टकरीतच निघून जाते आणि प्रकाश पडायचा राहून जातो. म्हणून लाल रंग वरच, 200 किलोमीटरच्या पलीकडे दिसतो. तिथे हवा इतकी विरळ असते की अणूला कुणी धक्का मारत नाही. खाली, दाटीच्या हवेत, त्याच अणूला तसाच मार बसला तरी लाल प्रकाश बाहेर पडत नाही.

आता तुमचं गेलं वर्ष बघा. पहिल्या दिवसापासून घर माणसांनी भरलेलं. दहावा, तेरावा, भेटायला येणारे, प्रत्येकाला चहा आणि प्रत्येकाला तीच हकिकत पहिल्यापासून. मग मृत्यूचा दाखला, त्याच्या प्रती, वारसनोंद, बँकेतल्या खिडक्या, तिकडे फोनवर रडणारी लेक. त्यात "किती खंबीर" ही शाबासकी. ती ऐकल्यावर कोणती बाई चारचौघांत कोसळेल? हे सगळे धक्केच होते. मारणारी माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही, बहुतेकजण प्रेमानंच आले होते. पण दोन मिनिटांची उसंत तुम्हाला कुणी दिली नाही, आणि कामांच्या रेट्यात तुम्ही स्वतःलाही दिली नाहीत.

वर्षश्राद्ध झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, कागदपत्रांच्या फायली कपाटात गेल्या. हवा विरळ झाली आणि रडू आलं. तुम्ही लिहिता, उलटी मागे चालले आहे. मला तसं अजिबात वाटत नाही. दुसऱ्या वर्षात रडू फुटलेली माणसं मी समुपदेशनाच्या खोलीत पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांतली बरीचशी अशीच, पहिल्या वर्षी सगळ्यांना सांभाळणारी. जे साठवून धरावं लागलं होतं, ते आता बाहेर पडायला जागा मागतंय. भाजी निवडताना तुम्ही एकट्या असता, हात कामात असतात, कुणाला उत्तर द्यायचं नसतं. रडू तिथेच येणार.

आणि पहिल्या वर्षी डोळे कोरडे होते म्हणून आत काही चाललंच नव्हतं, असंही समजू नका. याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. 1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलशास्त्रज्ञाला सूर्यावर एक प्रखर झळाळी दिसली. पुढे साडेसतरा तासांच्या सुमारास त्या झळाळीमागचं वादळ पृथ्वीवर येऊन थडकलं. नोंदीत असलेल्या सौरवादळांत ते सर्वांत मोठ्यांपैकी एक. त्या दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेतल्या निरीक्षकांनी चुंबकमापकाची मोठी घसरण डोळ्यांनी वाचून वहीत उतरवली. ते वादळ किती तीव्र होतं याचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ आजही त्या आकड्यांकडे जातात. वर आकाशात काय दिसतं आणि आत सुई किती हलते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची पहाटे तीनची जाग ही मला ती सुई वाटते. बीपी दुःखामुळेच वाढलं असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा झोपेबद्दल आणि या वर्षाबद्दल मोकळेपणानं सांगा. नुसती गोळी लिहून घेऊन परत येऊ नका.

लेकीबद्दल थोडं. ती रडली, बोलली, मैत्रिणींच्या गळ्यात पडली आणि आता तिला वाटतंय की आईनंही पुढे जावं. तिला बापाचं दुःख कमी आहे, असं मनात आणू नका. हिरवा आणि लाल दोन्ही रंग ऑक्सिजनचेच, एकाच वादळातून आलेले. एकाला क्षणभर पुरतो, दुसऱ्याला दोन मिनिटं लागतात. ती वडिलांची लेक होती, दूर राहत होती आणि तिचा दिवस तिथल्या कामानं भरलेला असतो. तुम्ही त्याच घरात आहात, त्याच स्वयंपाकघरात, आणि रात्री पलंगाची एक बाजू रिकामी असते. दोघींचा वेग एक होणारच नाही. तिच्या घाईमागे भीतीही असेल. बाबा गेले, आता आईही आतून हरवत चालली आहे की काय, ही भीती परदेशात राहणाऱ्या मुलांना रात्री झोपू देत नाही. तिला "नवी सुरुवात" नको म्हणून सांगितलंत तरी चालेल. पण तुम्ही बोलत्या आहात, हे तिला कळू द्या.

आता व्हिडिओंबद्दल. तिथे गेल्यावर प्रत्यक्षात काय होतं ते माहीत असू द्या, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. कॅमेरा काही सेकंद उघडा राहून प्रकाश साठवतो, म्हणून फोटोत झगझगीत हिरवं दिसतं. नुसत्या डोळ्यांना बऱ्याच रात्री उत्तरेकडे एक फिकट, राखाडी पट्टा दिसतो, पातळ ढगासारखा. कितीतरी माणसं त्याला ढग समजून आत निघून जातात. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मध्येच मोबाइलचा पडदा बघितला की ती मेहनत वाया जाते. पुष्कळ वेळ तो पट्टा तसाच पडून राहतो, मग अचानक लाटा उठतात, काही मिनिटं सगळं आकाश हलतं आणि पुन्हा शांत होतं. काही रात्री ढग असतात. प्रकाश त्यांच्या कितीतरी वर चालू असतो, खालून काही दिसत नाही. भर दुपारीही तो असतो, पण उजेडात तो कुणाला दिसणार?

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा एका वाक्यापाशी थांबले. "ह्यांचा बंद पडलेला रेडिओ दुरुस्तीला टाकला, बाकी घरात काहीच हलवलेलं नाही." तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, काही न केल्याची कबुली दिल्यासारखं. मला तर सगळ्या पत्रात हीच ओळ महत्त्वाची वाटली. त्यांची वस्तू तुम्ही हातात घेतलीत, ती बंद आहे हे मान्य केलंत, पिशवीत घालून दुकानापर्यंत नेलीत आणि परत चालू व्हावी असं तुम्हाला वाटलं. हाच तो राखाडी पट्टा. व्हिडिओतल्यासारखं बरं होणं तुम्ही शोधत होतात, म्हणून हा तुम्हाला ढग वाटला.

भिशीतलं हसणंही त्यातलंच. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या दोन संशोधकांनी 1999 मध्ये शोकाविषयी एक मांडणी केली. ती मला रोजच्या कामात फार उपयोगी पडते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, दुःखातला माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. कधी गेलेल्या माणसापाशी, कधी पुढ्यातल्या आयुष्यापाशी. ही ये-जा चालू असणं हीच निरोगी खूण. शोकाच्या पाच पायऱ्या असतात आणि त्या एकामागून एक चढायच्या असतात, हे आपण सगळीकडे ऐकतो. पण एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या पायऱ्या मांडल्या, त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठीचं ते वेळापत्रक नव्हतं. तेव्हा सोमवारी हसलात आणि मंगळवारी रडलात, तर त्यात ढोंग नाही. हसताना तुम्ही त्यांना विसरला नव्हतात. घरी आल्यावर राग आला, कारण हसण्याची परवानगी घ्यायची राहिली असं तुम्हाला वाटलं. ती परवानगी कुणाकडून घ्यायची असते, सांगा बरं? नवऱ्याबरोबर इतकी वर्षं संसार केलात, त्यात हसलाच असाल ना दोघं? त्यांना तुमचं हसणं परकं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला ठामपणे सांगायची आहे. या प्रकाशाचा दाखला देऊन लोक म्हणतात, वादळातूनच सौंदर्य जन्मतं, दुःख माणसाला उजळवतं. असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. मार्च 1989 मधल्या अशाच एका सौरवादळानं कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज घालवली होती. सुमारे 60 लाख माणसं नऊ तास थंडीत आणि अंधारात होती. वादळ कुणाला उजळवायला येत नाही. तुमचे यजमान तुम्हाला काही शिकवण्यासाठी गेले नाहीत, आणि त्यांच्या जाण्यातून तुम्ही अधिक सुंदर, अधिक शहाणं होऊन दाखवावं, अशी सक्ती तुमच्यावर कुणी करू नये. त्या अणूला मार बसला, तो त्यानं मागितला नव्हता. पुढे त्याला उसंत मिळावी, इतकंच आपल्या हातात असतं.

म्हणून या प्रवासाकडे मी औषध म्हणून बघत नाही. मला त्यातली विरळ हवा हवी आहे, तुमच्यासाठी. स्टॉकहोमहून अबिस्कोला रात्रीची रेल्वे जाते, सतरा-अठरा तासांचा प्रवास आहे. विमानानं अबिस्कोजवळच्या किरुना गावापर्यंत जाऊन वेळ वाचवता येईल, पण मी तुमच्या जागी असते तर रेल्वेच घेतली असती. एवढे तास तुम्ही दोघी एका डब्यात, बाहेर बर्फ आणि झाडं, दार वाजवणारं कुणी नाही. तिला तिच्या बाबांची एखादी गोष्ट सांगा, जी तिच्या जन्माआधीची आहे. किंवा काहीच बोलू नका.

डिसेंबर नको म्हणते त्याचं कारण साधं आहे. अबिस्को 68 अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या बहुतेक दिवसांत तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही, दुपारी थोडा निळसर उजेड पडतो तेवढाच. तुमची झोप आधीच मोडलेली आहे, त्यात दिवसाचा उजेडही काढून घेणं मला बरं वाटत नाही. मार्चमध्ये जा. तेव्हा तिथे दिवस दहा-बारा तासांचा असतो, बर्फावर ऊन पडतं, रात्रीही पुरेशा काळोख्या असतात. विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये, चुंबकीय हालचाल अधिक असते, त्यामुळे प्रकाश दिसण्याची शक्यताही चांगली. पंचांगात अमावस्या बघून तिच्या आगेमागे तीन-चार रात्री ठेवा. एकाच रात्रीवर भरवसा ठेवू नका. अबिस्को डोंगरांच्या पर्जन्यछायेत असल्यानं आजूबाजूच्या भागापेक्षा तिथलं आकाश अधिक वेळा निरभ्र असतं, तुमच्या लेकीनं जागा नेमकी निवडली आहे. "यंदा चुकलं तर गेलं" अशा जाहिरातींना भुलू नका. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राचा भर 2024 च्या सुमारास होता हे खरं, पण हा प्रकाश पृथ्वीवर ज्या भागात नेहमी दिसतो, त्या भागातच अबिस्को येतं. सूर्य शांत असतो त्या वर्षांतही तिथे तो दिसतो.

जाऊबाईंना काय सांगायचं? फार काही नाही. "लेकीकडे चालले आहे" हे पुरेसं आहे, आणि ते खरंही आहे. कदाचित त्यांच्या काळात नवरा गेलेल्या बाईला घराबाहेर पडायची मुभाच नव्हती आणि तेच त्यांना रीत वाटत असेल. पण एक लक्षात घ्या, "आता सावर" म्हणणारी लेक आणि "अजून शोक कर" म्हणणाऱ्या जाऊबाई दोघीही तुमच्या दुःखाचं घड्याळ स्वतःच्या हातात घेऊ बघतात. दोघींकडून ते परत घ्या, लेकीकडून प्रेमानं, जाऊबाईंकडून न भांडता.

मदत कधी घ्यायची, तेही सांगते. रडू येणं हे त्याचं कारण नाही. पण दिवसचे दिवस अंथरुणातून उठावंसं वाटलं नाही, कामावर जाणं सुटलं, जेवण तुटलं, ते गेलेत हेच मनाला पटेना, किंवा आपणही जावं असा विचार येऊ लागला, तर प्रवासाची वाट बघू नका. नाशिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ आहेत, फॅमिली डॉक्टर नाव सुचवतील. केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. आजही झोपेसाठी एकदा कुणाला तरी भेटलात तर मला बरं वाटेल.

तयारी आत्तापासून करा. स्वीडनला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका, अपॉइंटमेंट मिळत नाही. किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो. बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. मार्चमध्येही रात्री तापमान उणे पंधरा-वीसपर्यंत उतरू शकतं, तेव्हा जाड कोट आणि बूट इथून विकत घेऊन जाऊ नका, लेकीला तिथे भाड्यानं मिळतात का विचारायला सांगा. आतून घालायचे लोकरीचे कपडे मात्र चांगले न्या. आणि तिकिटं काढण्याआधी तिला फोन करून एवढं सांगा: मी येते, तुझ्याबरोबर राहायला येते, आकाशात काही दिसलं नाही आणि मी रडले नाही, तरी तू माझ्या चेहऱ्याकडे बघत बसू नकोस.